काडी मोडली म्हणून पणजी नाहीशी होत नाही

रुखमाबाई ‘भारतातील पहिल्या घटस्फोटित स्त्री’ नव्हत्या. दर वर्षी २२ नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, हे बिरूद समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागते आणि इतिहासाची गोडी असलेली तरुण मंडळीही ते विनातपास पुढे पाठवतात. या बिरुदात दोन चुका आहेत. एक कायद्याची आहे. दुसरी अधिक गंभीर आहे, कारण त्याच समजुतीच्या आधारावर महाराष्ट्रातील घराघरांच्या वंशवृक्षांतून एखादी पणजी आजही बिनदिक्कत वगळली जाते. या धाग्याचा मुख्य रोख त्या दुसऱ्या चुकीवर आहे.

आधी पहिली चूक. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जो दावा लावला, तो पत्नीने नांदायला यावे यासाठी होता. घटस्फोट कोणी मागितलाच नव्हता. न्या. पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये रुखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली आणि प्रकरण मिटले. तो आपसातला समझोता होता. विवाह संपुष्टात आल्याचा न्यायालयीन निर्णय त्यात कुठेही नाही. रुखमाबाई १८८९ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, परतल्यावर त्यांनी सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ वैद्यकसेवा केली. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसण्यास सुरुवात केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ‘पहिली घटस्फोटिता’ म्हणणाऱ्यांनी या पांढऱ्या लुगड्यापाशी क्षणभर थांबावयास हवे होते.

आता दुसरी चूक. रुखमाबाईंच्या जन्मापूर्वी कित्येक पिढ्या महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत विवाह मोडत होता आणि त्यासाठी भाषेत शब्दांची वाण नव्हती. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द इंग्रजी कायद्याची भाषांतरे नव्हेत. पंचांसमक्ष गवताची काडी मोडली की संबंध तुटला. लेखी हवे असेल तर सोडचिठ्ठी लिहून घेतली जाई. त्यानंतर स्त्रीचे दुसरे लग्न लागे, त्याला पाट किंवा मोहतूर म्हणत. आर्थर स्टील याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दख्खनमधील जातींच्या रूढींच्या संग्रहात या चालींची जातवार नोंद आहे. मराठेशाहीत स्त्रीच्या पुनर्विवाहावर ‘पाटदाम’ नावाचा कर वसूल होई. सरकार ज्या गोष्टीवर कर घेते, ती गोष्ट समाजात अपवादाने घडणारी नसते. खुद्द रुखमाबाईंच्या आई जयंतीबाईंनी वैधव्यानंतर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता, कारण सुतार समाजात त्याला मज्जाव नव्हता.

मग हा सारा व्यवहार आठवणीतून गेला कसा? एक कारण न्यायालयात सापडते. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९४ ने पतीच्या हयातीत केलेले दुसरे लग्न गुन्हा ठरवले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ च्या करसन गोजा खटल्यात आणि १८७६ च्या संभू रघू खटल्यात, पतीच्या संमतीवाचून जातीने बाईला दुसरे घर करण्याची मोकळीक देणे अमान्य केले. ज्या पंचांचा शब्द आजवर शेवटचा होता, त्यांनाच आता आरोपीच्या पिंजऱ्याची भीती होती. अशा वेळी कागद न करणे, झालेला दडवणे किंवा बाई वारली म्हणून सांगणे हा शहाणपणा ठरला असेल, तर नवल नाही. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. शिकलेल्या आणि वर चढू पाहणाऱ्या घरांनी ब्राह्मणी विवाहाचा आदर्श स्वीकारला आणि आजीच्या पाटाची लाज वाटू लागली. छापील कुलवृत्तांतांचा साचा तर मुळातच पुरुषापासून पुरुषापर्यंत जाणारा. त्यात स्त्रीला कुणाची तरी पत्नी किंवा कुणाची तरी कन्या म्हणून जागा मिळते. पत्नीपण संपले की ओळही संपते.

गंमत अशी, की समाज विसरला तरी सरकारी कारकून विसरला नाही. १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या परिशिष्टात, अनुच्छेद २९ मध्ये, विवाहविच्छेदाच्या लेखावर एक रुपया शुल्क ठरवलेले आहे. ‘१९५५ पूर्वी हिंदूंत घटस्फोट नव्हता’ असे ठासून सांगणाऱ्याला हा एक रुपया दाखवावा. मुंबई प्रांताने हिंदू घटस्फोटाचा स्वतंत्र कायदा केला तोसुद्धा १९४७ मध्ये. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ च्या दुसऱ्या पोटकलमात रूढीने मिळणारा काडीमोड जपून ठेवला आहे. म्हणून ‘न्यायालयाचा हुकूमनामा सापडला नाही, अर्थात घटस्फोट झालाच नाही’ हा युक्तिवाद आजही लंगडा आहे.

याचे मोल एका गावाच्या पातळीवर उतरून पाहावे. उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यातील रामवाडी घ्या. समजा, तिथल्या एका कुटुंबाचा वंशवृक्ष कोणी पणतू तयार करत आहे. पणजोबांच्या नावापुढे दोन बायका आहेत. दुसरीचे नाव, माहेर, मुले असे सर्व काही आहे. पहिलीच्या पुढे एवढेच, ‘तरुणपणी वारली’. मृत्यूचे साल नाही, कारण नाही, तिचे दिवस कोणी घातल्याची आठवणही नाही. वंशवृक्ष करणाऱ्या हौशी माणसाने इथे थांबून संशय घ्यावा. तो सहसा घेत नाही. चौकट काढतो, नावाआधी ‘कै.’ लावतो आणि पुढे जातो. जिवंत बाई कागदावर मारण्याचा हा प्रकार आहे आणि तो ‘घराण्याचा इतिहास’ या नावाखाली चालतो.

तिचा माग लागतो. मात्र तो पणजोबांच्या आडनावाखाली शोधून लागणार नाही, हे प्रथम मान्य करावे लागते. काडीमोड झालेली बाई माहेरी परतते आणि बहुधा तिथूनच दुसऱ्या घरी जाते. म्हणून शोधाची सुरुवात तिच्या माहेरच्या गावापासून करावी. तिच्या भावाच्या वंशजांना आत्याचे दुसरे गाव ठाऊक असण्याचा संभव सासरच्यांपेक्षा कितीतरी अधिक असतो. दुसरे, स्थळाचे भान हवे. रामवाडी हे नाव एकट्या पेणची मिरास नाही. रोह्याच्या बाजूलाही ते आढळते, पुण्यातही आहे. तालुक्यावाचून नुसते ‘रामवाडी’ लिहिलेली नोंद हाती आली तर आनंदाने उडी मारू नये. शिवाय हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, तेव्हा जुन्या कागदांवर रायगड शोधणाऱ्याला रायगडचा किल्लाच सापडेल.

गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीला, म्हणजे गाव नमुना १४ ला, लोक कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर ही दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आणि जी पुस्तके वाळवीने खाल्ली असे सांगितले जात होते त्यांतली कित्येक सुस्थितीत निघाली. त्या शोधात नजर जातीच्या रकान्यावर आणि बापाच्या नावावर होती, कारण दाखला बापाकडून मिळतो. त्याच पानांवर बायकाही आहेत. अमक्याची बायको, तमक्याची आई, या रूपात का होईना, आहेत. लाखो पाने चाळणाऱ्या समाजाला त्या दिसल्या नाहीत, यात दप्तराचा दोष नाही.

इथे एक सापळा आहे आणि बहुतेक शोध त्यातच अडकतात. नोंदीत ‘विधवा’ हा शब्द दिसला की वाचणारा नवऱ्याच्या मृत्यूचे साल शोधू लागतो. परंतु ब्रिटिशकालीन जनगणनेत घटस्फोटितांसाठी वेगळा रकाना नव्हता. काडीमोड होऊन पुन्हा लग्न न केलेल्यांची गणना विधवा-विधुरांत होत असे. जनगणनेची घरवार पाने आज मिळत नाहीत, पण तोच सोयीचा शब्द गावकामगाराच्या लेखणीतही उतरला असल्यास आश्चर्य नाही. म्हणून मृत्यूच्या नोंदीत पणजी ‘विधवा’ असेल आणि त्याच साली पणजोबा सात-बारावर ठणठणीत जिवंत असतील, तर चूक कुणाची, हे ओळखता आले पाहिजे. हा विसंवाद म्हणजे सापडलेला पुरावा आहे. नवशिके अभ्यासक त्याला लेखनिकाची चूक समजून खोडून टाकतात.

जमिनीचे कागद हा आणखी एक दुवा. पणजोबा वारल्यावर गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद झाली असेल. त्यात दुसरी बायको आहे आणि पहिली हयात असूनही नाही, तर काडीमोडाचा तर्क बळकट होतो. मात्र ही कसोटी १९५६ च्या वारसा कायद्यानंतरच्या मृत्यूंना लावावी. त्याआधी मुलगे असताना विधवेचे नावही वारसांत येईलच असे नसे, तेव्हा जुन्या फेरफारातील तिच्या अनुपस्थितीवरून काही सिद्ध होत नाही. कुलाब्यात आणखी एक अडचण आहे. जिथे खोती होती तिथे कसणाऱ्या कुळाचे नावच कागदावर कित्येकदा नसे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. त्याआधीच्या आगरी वा कुणबी कुळांच्या बायका जमिनीच्या कागदांत न सापडणे हा त्यांच्या घराचा नव्हे, खोताच्या वहीचा इतिहास आहे.

शाळेचे जनरल रजिस्टर मात्र फारच बोलके असते आणि फारच थोडे लोक ते मागतात. पहिल्या घरातले मूल आईबरोबर गेले असेल, तर बापाच्या नावाच्या रकान्यात एक माणूस आणि पालकाच्या रकान्यात दुसरा दिसतो. तो मामा असू शकतो, सावत्र बापही असू शकतो. गाव मात्र नक्की कळते. रामवाडीची सून नागोठण्याच्या बाजूला दिली गेली असेल, तर ती पेण तालुक्याच्या दप्तरातून बाहेर पडून रोहे तालुक्याच्या दप्तरात शिरली, हे अशाच एखाद्या ओळीने उलगडते. पोटगीचा अर्ज केला असल्यास फौजदारी न्यायालयाची नोंद, सोडचिठ्ठी नोंदवली असल्यास दुय्यम निबंधकाकडील सूची, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, हे पुढचे मार्ग.

या शोधाला विरोध होतो तो बहुधा ‘मेलेल्यांची उणीदुणी कशाला’ या वाक्याने. त्यातला एक अंश रास्त आहे. दुसऱ्या घरातली नातवंडे जिवंत असतात, त्यांना आजीची ही हकिकत ठाऊक नसू शकते आणि त्यांची नावे-गावे समाजमाध्यमांवर उधळण्याचा अधिकार कुठल्याही इतिहासप्रेमीला नाही. परंतु गप्प बसणे वेगळे आणि ‘वारली’ असे लिहिणे वेगळे. पहिल्यात संकोच आहे, दुसऱ्यात लबाडी आहे. आणि काडीमोडात उणेदुणे ते काय, हा प्रश्न विरोध करणाऱ्यांनी स्वतःलाच विचारावा.

उलट टोकाचा उत्साहही तितकाच भाबडा आहे. काडीमोड होता म्हणून बहुजन समाजातील स्त्री मुक्त होती, असे निष्कर्ष आता धडाधड निघू लागले आहेत. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नव्हता. मंगलकार्यात तिला मागे राहावे लागे. पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च फेडल्यावाचून सुटका न होण्याचीही चाल होती, आणि बापाने मुले ठेवून घेतली तर आईला ती पुन्हा दिसतीलच याची शाश्वती नव्हती. रामवाडीच्या त्या पणजीला दुसऱ्या घरी सुख लाभले की नाही, हे कोणताही नमुना सांगणार नाही. तिचे वय, गाव, दुसऱ्या घरातली अपत्ये आणि मृत्यूचे साल इतकेच तो सांगेल.

ही नोंद सापडली, की वंशवृक्षातील ‘तरुणपणी वारली’ हे शब्द खोडावेत. त्यांच्या जागी काडीमोडाचे अंदाजे साल, पुढचे गाव, तालुका आणि नोंदवहीचे वर्ष लिहावे. नवे आडनाव कंसात नको, तिच्या नावापुढेच हवे. ती त्याच नावाने म्हातारी झाली.