तेथे कक्षेला अंत नाही, येथे चौकशीला आरंभ नाही!

परकीयांनी एखाद्या राष्ट्राच्या निवडणुकीत ढवळाढवळ करणे हा त्याच्या सार्वभौमत्वावरील घाला होय. अमेरिकेत २०१६ मध्ये रशियाने तो घातला. त्याचा छडा लावणे आवश्यकच होते. प्रश्न आहे तो मर्यादेचा.

१७ मे २०१७ रोजी विशेष अभियोक्ता म्हणून रॉबर्ट म्युलर यांची नियुक्ती झाली. रशिया व ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेतील संबंध तपासणे हे त्यांचे कार्य. परंतु त्यातून थेट उद्भवणाऱ्या प्रकरणांचीही मुभा आदेशातच होती आणि चौकशीचे मारुतीचे शेपूट झाले. रशियन लष्करी हेरांवर आरोपपत्रे ठेवली गेली, हे उचितच. पण पॉल मॅनफोर्ट २०१८ मध्ये दोषी ठरले ते करचुकवेगिरी व बँक-फसवणुकीबद्दल! न्यायालयाने हा अधिकार वैध मानला. तथापि जे वैध ते सारेच विवेकाचे असते काय? प्रचारयंत्रणेने रशियाशी कट केल्याचे सिद्ध होत नाही, असे २०१९ च्या अहवालाने सांगितले. तोवर सुमारे दोन वर्षे जनादेशावर संशयाचे सावट राहिले.

आपल्याकडे नेमके उलटे. केजीबीचा पैसा काँग्रेस व कम्युनिस्टांपर्यंत पोहोचल्याचा दावा मित्रोखिन दस्तऐवजांवरील ग्रंथाने २००५ मध्ये केला. त्याची सखोल चौकशी झालीच नाही.

राष्ट्रहित या दोन टोकांच्या मध्ये आहे. विषय निश्चित, मुदत निश्चित आणि आरोपी स्वपक्षाचा की परपक्षाचा हे न पाहणारी चौकशी, हीच खरी राष्ट्ररक्षा!