रीडिंग कधी घेतलं?

कोपर्डीचा विषय निघाला की आपल्या मेसमध्ये आजही आवाज चढतो. माझाही चढतो. घटना 13 जुलै 2016 ची. 29 नोव्हेंबर 2017 ला नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली.

परवा रूम पार्टनर म्हणाला, "असल्यांची कसली मानसिक तपासणी करता?" तिथे आमचं वाजलं. मे 2022 मध्ये 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश' खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की फाशीची शक्यता असेल तर आरोपीच्या मानसिक तपासणीचा अहवाल सरकारने सत्र न्यायालयातच द्यावा, म्हणजे गुन्ह्याच्या वेळची मनःस्थिती कळेल. जुन्या खटल्यांत मात्र ही तपासणी अपिलात होते, वर्षानुवर्षं तुरुंगात काढल्यावर. अहो, भट्टीतला जॉब गार झाल्यावर तापमान मोजलं, तर सर जर्नल फेकून देतात! शिवाय तपासणारा डॉक्टर सरकारी. बचाव पक्षाच्या तज्ज्ञालाही आरोपीला भेटू द्यायला नको का?

कोपर्डीचा मुख्य दोषी सप्टेंबर 2023 मध्ये येरवड्यात मेला, प्रकरण हायकोर्टात असतानाच. त्याचं रीडिंग आता कुणाला घेता येणार नाही.

पार्टनर म्हणतो, मी गुन्हेगारांची बाजू घेतो. घेत नाही बाबा. पहिल्याच कोर्टात तपासणी नीट झाली, तर अपिलात तेच पुन्हा उकरलं जाणार नाही, आणि मुलीच्या घरच्यांच्या दोन तारखा तरी वाचतील.