हमीचा पैसा बांधावर पोचलाच पाहिजे!

कामगार बंधूंनो, आपल्या पगारातून व्यवसाय कर कापतात, तो आला कुठून? १९७२ च्या दुष्काळात गावेच्या गावे खडी फोडायला बसली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली हा कर बसला, १९७७ साली हमीचा कायदा झाला.

हा आम्ही गावाकडच्या भावाला दिलेला हातभार आहे, धर्मादाय नव्हे! गावात काम नसले, की उपाशी पोर गिरणीच्या दाराशी निम्म्या मजुरीवर उभे राहते. मार दोघांनाही बसतो. म्हणून आमचे मागणे रोखठोक आहे: नुसती खडी नको, बंधारे बांधा, विहिरी खणा! पाणी अडले तरच शिवार पिकेल. अन् पै-पैचा हिशेब गावच्या चावडीवर वाचून दाखवा!