‘मस्ट’ आणि ‘असणार’

‘मस्ट’ म्हणजे ‘च पाहिजे’. शाळेत पाठ केलेला हा अर्थ आपल्या मनात इतका पक्का बसला आहे की, ‘ही मस्ट बी टायर्ड’ याचे भाषांतर ‘तो दमलाच पाहिजे’ असे होते आणि वर्गात हशा पिकतो. माझ्या मते हसायचेच असेल तर त्या घोकंपट्टीला हसावे, विद्यार्थ्याला नव्हे.

अनुमान करणे आपल्याला नवे नाही. आषाढात पनवेलच्या एस.टी. स्थानकावर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला माणूस दिसला, तर आमची आजी लगेच म्हणेल, ‘लावणीवरून आला असणार.’ खात्री थोडी कमी असली तर ‘आला असावा’. नुसता तर्क असला तर ‘आला असेल’. तिला अक्षरओळख नाही. पण पुराव्याच्या वजनाप्रमाणे क्रियापद बदलणे तिला येते. ‘मस्ट’ आणि ‘माइट’ यांत याहून वेगळे काय आहे? नकारात मात्र वाट बदलते. ‘तो घरी नसणारच’ याला ‘कान्ट’ लागते. ‘मस्ट नॉट’ म्हटले की ती मनाई होते. हे फळ्यावर मराठीत मांडले, तर पाच मिनिटांत कळेल.

माणसाचे वर्णन करणाऱ्या शब्दांचेही तसेच. ‘सिंपल’ हा शब्द आपण साध्या माणसाच्या कौतुकासाठी वापरतो. इंग्रजीत त्यातून ‘बुद्धीने कमी’ असाही अर्थ निघतो. नुसत्या याद्या पाठ करून हे कसे उमगावे? त्यापेक्षा आपल्या शेजारच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके घ्या. एडनच्या तुरुंगाचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले आणि पुन्हा पकडले गेले. यावरून ते कसे असतील, हे वर्गाने इंग्रजीत सांगावे : ‘ही मस्ट हॅव बीन स्ट्राँग.’ शब्द, पुरावा आणि अनुमान तिन्ही एकत्र येतात.

प्रश्न केवळ गुणांचा नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. म्हणून कॉलेजात आलेल्याला ते यायलाच हवे, असे धरून चालतात. एखादा उभा राहून अडखळला की मनातल्या मनात शेरा पडतो : ‘ही मस्ट बी डल.’ हे अनुमान कशावरून? त्याच्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, एवढ्यावरून. मित्रहो, या पुराव्याला ‘मस्ट’ तर नाहीच, ‘माइट’देखील पेलत नाही.

— द्वितीय वर्ष, कला