नांव देण्यापूर्वीं

परमेश्वरानें पशुपक्षी आदामापुढें आणले व त्यानें त्यांना नांवें दिलीं, ही कथा आपण लहानपणींच ऐकतों. तें काम अद्याप संपलेलें नाहीं. परंतु नांव देण्यापूर्वीं नीट पाहावें लागतें, आणि ती संवय आपणांस फारशी नाहीं, असें माझें मत आहे. दिव्याभोंवतीं दहा तऱ्हांचे पतंग जमले तरी सर्वांस 'पाखरूं' म्हणून आपण मोकळे होतों.

या बाबतींत मादागास्कर बेटांतील एका पतंगाची हकीकत बोधप्रद आहे. इ. स. १८६२ मध्यें तेथील एक शुभ्र ऑर्किड फूल चार्ल्स डार्विन यांच्या पाहण्यांत आलें. त्याची मधुनलिका सुमारें साडेअकरा इंच लांब, आणि मध केवळ तळाशीं! तेथवर पोंचेल इतक्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटांत असलाच पाहिजे, असें अनुमान त्यांनीं केलें. पतंगाला नांव मिळण्यापूर्वीं कांहीं कीटकशास्त्रज्ञांनीं डार्विनलाच नांवें ठेविलीं! वॉलेस यांनीं मात्र १८६७ मध्यें या अनुमानास पाठिंबा दिला. अखेर १९०३ मध्यें रॉथ्सचाइल्ड व जॉर्डन यांनीं त्या पतंगाचें वर्णन करून त्यास 'प्रेडिक्टा', म्हणजे 'भाकीत केलेला', हें नांव दिलें. डार्विन १८८२ मध्येंच निवर्तले होते.

तथापि ओळख पुरी झाली नव्हती. आफ्रिकाखंडांतील एका पतंगाचें वर्णन १८५६ मध्येंच झालें होतें. त्याचीच ही उपजाति, असें ठरविण्यांत आलें. पुढें संग्रहालयांतील नमुने शेजारीं ठेवून पंखांचा आकार, खालच्या अंगाचा रंग, सोंडेची लांबी आणि आनुवंशिक द्रव्य यांची तुलना झाली, तेव्हां २०२१ मध्यें ती स्वतंत्र जाति ठरली. डोळ्यांसमोर असलेली वस्तु ओळखावयास ११८ वर्षें लागलीं!

कोणी म्हणेल, 'जाति काय नि उपजाति काय, नांवांत काय आहे?' मला हें पटत नाहीं. ही जाति केवळ मादागास्करांतच आहे. तेथील अरण्य नष्ट झालें, तर आफ्रिकेंतील भाऊबंद तिची उणीव भरून काढूं शकणार नाहींत. जें आपण वेगळें ओळखीत नाहीं, तें नाहींसें झालें तरी आपणांस कळत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, येत्या पावसाळ्यांत एक वही करा. तीत तारीख, स्थळ, पंखांची लांबी, रंग व ठिपके, मिशांची ठेवण, बसतांना पंख पसरतात कीं मिटतात, हें सर्व लिहा; चित्र काढा आणि पतंगास सोडून द्या. मग ग्रंथांशीं व जाणत्यांशीं पडताळून पाहा. मात्र आपणांस अपरिचित तें शास्त्रासही नवीन, असा समज करून घेऊं नका. पालकांनींही 'ह्याला गुण किती मिळणार?' असें विचारूं नये. जो मुलगा वा मुलगी पतंगास नीट पाहिल्याशिवाय नांव देत नाहीं, ती माणसांसही घाईनें नांवें ठेवणार नाहीं. हा लाभ कांहीं लहान नव्हे.