पोकळीतली ज्वाला : एका सेटिंगचा इतिहास

१/५
अंतराळाच्या सिम्युलेटरमधली इंजिनाची ज्वाला, धूळ, स्फोट हे सारे हजारो सुट्या कणांचे बनलेले असते. कणांची संख्या, वेग, रंग, आयुष्य आपल्याला बदलता येते. ही सोय कुठून आली?

२/५
१९८२ च्या ‘स्टार ट्रेक २’ या चित्रपटात निर्जीव ग्रहावर पसरणारी आगीची भिंत लुकासफिल्मच्या विल्यम रीव्हज यांनी कणांतून उभी केली. १९८३ मध्ये त्यांनी ही पद्धत निबंधरूपाने मांडली : प्रत्येक गुणाची सरासरी आणि चढउताराची मर्यादा ठरवायची, बाकीचे यदृच्छेवर सोपवायचे.

३/५
म्हणजे हे तंत्र रुपेरी पडद्यासाठी घडले. आता अस्सल साधन पाहू. १४ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ चे यान चंद्रावरून उडाले, तेव्हाच्या चित्रणात सुरुवातीला तुकडे उधळतात. पण यानाखाली ज्वालेची शेपटी दिसत नाही. हवेचा दाब नसल्याने वायू क्षणार्धात विरळ होऊन पसरतो.

४/५
नेमक्या याच ‘नसलेल्या’ ज्वालेवर बोट ठेवून चांद्रमोहीम खोटी ठरवणारे आजही भेटतात. चित्रपटांनी घडवलेली नजर अस्सल पुराव्यालाच बनावट ठरवते, ती अशी.

५/५
म्हणून माझे मत : सेटिंग्ज हव्या तितक्या द्याव्यात; परंतु डिफॉल्ट मूल्ये भौतिकशास्त्राला धरून असावीत आणि भडक ज्वालेच्या पर्यायावर ‘चित्रपटशैली’ असे स्पष्ट लिहावे. डिफॉल्ट क्वचितच कोणी बदलतो. बहुतेकांच्या लेखी तेच सत्य असते.