घरातल्या घरात बिनतारी

'बिनतारी' हा शब्द आपण हरवून बसलो आहोत. एके काळी त्या शब्दाला वजन होते. बिनतारी संदेश पोलिसांचा असे, जहाजांचा असे, लष्कराचा असे. सामान्य माणसाचा संबंध तारेशी, आणि दारात तार आली की ती उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू. ती पोस्टाची तार २०१३ साली बंद झाली. आता घराघरांत सगळेच बिनतारी झाले आहे, आणि नेमका आताच हा शब्द कोणी उच्चारीत नाही. 'वायफाय' म्हणतात, 'कास्ट कर' म्हणतात. शब्द गेला त्याचे मला फारसे दुःख नाही. शब्द येतात, जातात. पण त्याच्याबरोबर एक प्रश्नही गेला. संदेश पाठवतो कोण, घेतो कोण आणि मध्ये परवानगी कोणाची, हे बिनतारीच्या काळात लोक विचारीत असत. आज ते कोणी विचारीत नाही.

संगणकावरचा चित्रपट घरातल्या टीव्हीवर तारेवाचून कसा न्यावा, हा विषय वार्षिकांकाच्या विज्ञान विभागात शोभला असता. पण आपले महाविद्यालय कलाशाखेचे, तेव्हा तो विभागच नाही. शिवाय मला असे वाटते की हा विषय जितका यंत्राचा आहे तितकाच घराचा आहे, आणि घर हा तर आपला, म्हणजे कला शाखेचा, हक्काचा विषय.

वाडी हे अमरावती रस्त्यावरचे नागपूरचे जणू नाकेच. इकडे डिफेन्सची वसाहत, तिकडे ट्रान्सपोर्टची गोदामे, खडगाव रस्त्याला ट्रकांची रांग. कोणी भंडाऱ्याहून आलेला, कोणी गडचिरोलीहून, कोणी थेट बिहारमधून. वडीलधारी मंडळी सांगतात की पूर्वी इथल्या छपरांवरचे अँटेने सेमिनरी हिल्सच्या टीव्ही टॉवरकडे तोंड करून उभे असत. एक जण वर चढून दांडा फिरवी, दुसरा अंगणातून ओरडे, "आलं, आलं... गेलं!" १९८७ च्या जानेवारीपासून १९८८ च्या जुलैपर्यंत दर रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा एका संचापुढे सारी चाळ बसे. संच ज्याचा त्याचा असला तरी चित्र सरकारचे असे आणि वेळही सरकारचीच. पुढे केबल आली, मग छत्र्या आल्या. प्रसार भारतीने जुन्या पद्धतीचे भूतलावरील प्रक्षेपण २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी थांबवले. अँटेन्याचे उरलेसुरले दांडे आता कपडे वाळवण्याची दोरी बांधायला कामाला येतात.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. घरातली माणसे एका भिंतीकडे तोंड करून बसायची थांबली. प्रत्येकाच्या हातात फोन, कानात बोंडे आणि बसायला वेगळा कोपरा. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले तेव्हा काही दिवस घरे पुन्हा एका भिंतीसमोर आली, आणि टाळेबंदीबरोबर तेही संपले. त्यानंतर घराला एकत्र बसवणारी वस्तू मला दिसली ती हीच: कोणाच्या तरी लॅपटॉपवरचे चित्र उचलून बैठकीतल्या टीव्हीवर टाकणे. म्हणून आधीच सांगून टाकते की मी या सोयीच्या बाजूची आहे. तक्रार आहे ती दुसऱ्याच गोष्टीची.

ही सोय एक नाही, तीन आहेत, आणि विकणारे तिन्ही एकाच नावाने विकतात. पहिलीत लॅपटॉप स्वतः काहीच नेत नाही. तो टीव्हीला फक्त चिठ्ठी देतो की अमुक दुकानातून तमुक वस्तू आण. टीव्ही, किंवा त्याला मागून लावलेली कांडी, स्वतः इंटरनेटवर जाऊन चित्र आणते. लॅपटॉप मिटला तरी बहुधा चित्र चालू राहते, ते यामुळेच. दुसरी रीत आरशाची. लॅपटॉपच्या पडद्यावर जे दिसते तेच्या तेच टीव्हीवर उमटते. 'मिराकास्ट' नावाचा यासाठीचा ठराव २०१२ मध्ये झाला. त्यात लॅपटॉप आणि टीव्ही आपसांत स्वतंत्र बिनतारी संबंध जोडतात. मध्ये इंटरनेट नको, राउटरसुद्धा नको. विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून 'के' दाबले की जवळपासचे संच दिसू लागतात. तिसरी रीत वाचनालयाची. लॅपटॉपवरचे चित्रपटांचे कपाट उघडे ठेवायचे आणि टीव्हीसमोर बसलेल्याने रिमोटने त्यातून हवे ते काढून घ्यायचे. या रीतीचे नियम करणारी डीएलएनए नावाची संस्था २००३ मध्ये स्थापन झाली आणि २०१७ मध्ये विसर्जित झाली, पण तिची भाषा अजून पुष्कळ टीव्हींना समजते. संस्था गेली तरी तिने घालून दिलेली रीत चालू राहावी, याचे असे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आता पहिल्या रीतीतली गोम पाहा. टीव्ही आणि लॅपटॉप एकाच खोलीत, हातभर अंतरावर आहेत. पण बाहेरची इंटरनेटची लाइन तुटली की दोघांची बोलचाल बंद. जणू शेजारच्या खोलीतल्या भावाला हाक मारायची तर ती आधी परदेशातल्या कचेरीत नोंदवली पाहिजे. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. गूगलने 'क्रोमकास्ट' ही कांडी अमेरिकेत २०१३ साली ३५ डॉलरला काढली आणि भारतात ती २०१४ च्या डिसेंबरात २,९९९ रुपयांना आणली. २०२५ च्या मार्चमध्ये ९ तारखेच्या सुमारास तिची दुसऱ्या पिढीची यंत्रे जगभर एकाएकी चालेनाशी झाली. यंत्रात बिघाड नव्हता, विजेत नव्हता, टीव्हीतही नव्हता. आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती, म्हणून फोन त्या यंत्रांना अविश्वासू ठरवून चित्र देईनात. काही दिवसांनी कंपनीने दुरुस्ती पाठवली. पण तोवर, पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू आपल्याच भिंतीमागे निपचित पडून होती.

जुन्या माणसांना यात काहीतरी ओळखीचे वाटेल. रेडिओ किंवा टीव्ही घरी ठेवायचा तर पूर्वी परवाना लागे आणि दरसाल फी भरावी लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यास ती पद्धत गेली. घरगुती वायफाय ज्या लहरींवर चालते त्याही सरकारने मोकळ्या केल्या, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. म्हणजे सरकारने आपला हात काढून घेतला आणि त्या रिकाम्या जागी कंपनीने आपला ठेवला. फरक एवढाच की पहिल्या परवान्याचे पुस्तक हातात मिळे आणि मुदत कधी संपते ते त्यावर लिहिलेले असे.

कंपन्यांच्या भाऊबंदकीने त्यात भर घातली आहे. मायक्रोसॉफ्टने मिराकास्ट आपलेसे केले, ॲपलने ते कधीच केले नाही आणि स्वतःचे 'एअरप्ले' चालवले. गूगलने २०१५ च्या अँड्रॉइडमधून मिराकास्ट काढून टाकले, कारण त्यांची कांडी वेगळी. तिघेही लहर तीच वापरतात, हवा तीच, वायफायही तेच. पाणवठा एकच आणि घागरी वेगळ्या, हे आपल्या समाजाला नवीन नाही. आणि पैसे भरून पाहायचा चित्रपट आरशाच्या रीतीने पाठवायला जावे तर काही वेळा टीव्हीवर नुसता काळा पडदा उमटतो, आवाज मात्र येतो. नक्कल होऊ नये म्हणून घातलेले हे कुलूप. चोर त्याला किती घाबरतो कोण जाणे, घरचा माणूस मात्र अडतो.

एवढी कटकट कशाला, सरळ तार लाव, असे कोणी म्हणेल. मलाही पुष्कळदा तेच वाटते. एचडीएमआयची तार स्वस्त असते, अडखळत नाही, तिला कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही. लॅपटॉप एकाच जागी ठेवणाऱ्याने बिनतारीच्या नादी लागूच नये. आमच्याकडच्या घरांत भिंती विटांच्या, स्लॅब सिमेंटचा; ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण दोन भिंती ओलांडताना तिचा दम सुटतो. २.४ ची लहर भिंतीतून बरी जाते, पण तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची आणि स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचीही गर्दी. चांगल्या प्रतीच्या चित्राला सेकंदाला पाच ते दहा मेगाबिट सलग लागतात. एवढी वाट मोकळी मिळाली नाही की नायिका तोंड उघडे ठेवून थिजते आणि वर ते चक्र गरगरत बसते.

तरीही तारेने एक गोष्ट होत नाही, आणि माझ्या लेखी तीच मुख्य आहे. तार लावणारा जो असतो तोच दाखवणारा ठरतो. बिनतारीच्या पहिल्या दोन रीतींतही तसेच. लॅपटॉप ज्याच्या मांडीवर त्याचे राज्य, आणि बहुतेक घरांत ती मांडी मुलाची असते. आईची नसते, आजीची तर नाहीच. पूर्वी आजी उठून खटका दाबी आणि टीव्ही सुरू होई. आता त्याच टीव्हीसाठी तिला म्हणावे लागते, "बाबू, लावून दे नं रे थोडं." बाबू घरी नसला तर शेजारीण समजूत घालते, "पोट्टा कॉलेजातून येईल तवा लागंल, मावशी." टीव्ही मोठा झाला, सपाट झाला, त्याला चार रिमोट आले, आणि घरातली निम्मी माणसे त्याच्यासमोर परावलंबी झाली. याला प्रगती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून मला वाचनालयाची तिसरी रीत सर्वांत आवडते, आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही, कारण तिच्यातून कोणाला दरमहा काही मिळत नाही. लॅपटॉप एकदा मांडून ठेवला, फोल्डरांना देवनागरीत सरळ नावे दिली (पुष्कळ टीव्ही ती नीट दाखवतात, काही मात्र चौकोन दाखवतात) की रिमोटच्या बाणांनी आजीला हवे ते आजी लावू शकते. लॅपटॉप चालू हवा, तो झोपी जाऊ नये अशी तजवीज हवी, एवढीच अट. शिकवायला दोन दुपारी लागतात. पहिल्या दुपारी ती रिमोटला हात लावायला तयार नसते, दुसऱ्या दुपारी तो परत द्यायला.

आणि त्या कपाटात असते काय? सिनेमे असतातच. पण आपल्या भागातल्या संगणकांत जे साठले आहे ते कोणत्याही कंपनीच्या दुकानात मिळणार नाही. मावशीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट उतरवून घेतलेली असते. गावच्या मंडईतली दंडार असते, खडी गंमत असते. झाडीपट्टीतून आलेल्या घरांत तर नाटकांची चित्रणे हमखास सापडतात. दिवाळीनंतर सुरू होणारी ती रात्रभराची नाटके. वडसा हे त्यांचे केंद्र. झाडीपट्टीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा नागपूरच्या पुष्कळांना ही रंगभूमी आहे हे नव्याने कळले. अशी चित्रणे फोनच्या वितभर पडद्यावर एकट्याने पाहण्यात काही अर्थ नाही, ती मोठ्या पडद्यावर, दहाजणांत, मध्येच "अरे, हा तर आपल्या गावचा!" असे ओरडतच पाहायची. मात्र तिकिटावर पोट असलेल्या मंडळींचे नाटक त्यांच्या संमतीवाचून टिपू नये आणि वाटू तर नयेच. कंपन्यांच्या कुलपांवर टीका करणाऱ्यांनी एवढे तरी पाळायला हवे.

शेजारधर्माचाही एक मुद्दा आहे. लहर भिंत पाहत नाही. फ्लॅटमध्ये जवळच्या संचांची यादी उघडली की वरच्या मजल्यावरचा, बाजूच्या बिऱ्हाडातला टीव्हीही तीत दिसतो, आणि दोघांनी एकाच कंपनीचा घेतला असेल तर नावही एकच. चुकून आपला सिनेमा त्यांच्या बैठकीत उघडायला कितीसा वेळ लागतो! संचाला आपले नाव द्यावे, आणि जोडताना आकडे विचारण्याची जी सोय असते ती चालू ठेवावी. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते कोणी करीत नाही.

दिवाळीत वाडीतल्या दुकानांसमोर टीव्हींची खोकी रस्त्यापर्यंत येतात. विक्रेता इंच सांगतो, सूट सांगतो, हप्ता सांगतो. त्याला आधी एक करायला सांगावे: राउटर चालू ठेवून बाहेरून येणारी इंटरनेटची तार तेवढी काढ, आणि आता माझ्या लॅपटॉपमधला हा चित्रपट तुझ्या टीव्हीवर लावून दाखव. लॅपटॉप सोबत घेऊन जावा. आणि रिमोट आईच्या हातात द्यावा.